एसीचं वारं मंदावलं, तर गॅसच्या आधी ब्लोअर बघा

फोन पासलीहून होता. वेल्ह्याहून केळदकडे जाणाऱ्या रस्त्याला त्या ताईंचं घर आहे. पावसाळ्यात मढे घाट बघायला आणि थंडीत तोरण्यावर चढायला येणाऱ्यांसाठी त्यांनी घराच्या मागच्या अंगाला दोन खोल्या बांधल्या आहेत. "दादा, एसी चालू हाय, पण वारं येईना झालंय. दोन डाव गॅस भरून झाला, आता तिसऱ्यांदा भरायला सांगत्यात." मी एकच विचारलं, "समोर हात धरला तर जे काय येतंय ते गार आहे का?" त्या म्हणाल्या, "गार हाय की. पण फुंकर घातल्यागत येतंय."

निदान त्या उत्तरातच होतं. हवा गार येत होती म्हणजे गॅस होता. फुंकरीसारखी येत होती म्हणजे हवा कुठेतरी अडत होती. दोन्ही वेळचे गॅसचे पैसे वाया गेले होते, आणि ज्याने ते घेतले त्याने इनडोअरचं झाकणसुद्धा उघडून पाहिलं नव्हतं. भोर-वेल्ह्याच्या भागात, विशेषतः चेलाडी फाट्यापासून आत आत जावं तसतसं, हे मला वारंवार दिसतं. म्हणून हा लेख.

गारवा आणि वारा या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. एसीच्या आत दोन कामं शेजारी शेजारी चालतात. बाहेरच्या पेटीतला कॉम्प्रेसर गॅस दाबतो, तो गॅस आतल्या कॉइलमध्ये येऊन उकळतो आणि कॉइल गार करतो. हे झालं गारव्याचं काम. दुसरं काम ब्लोअरचं. इनडोअरच्या पोटात आडवा बसवलेला हा लांबट, लाटण्यासारखा पंखा खोलीतली हवा वरून ओढतो, फिल्टरमधून आणि कॉइलमधून नेतो आणि खालच्या फटीतून खोलीत टाकतो. दीड टनाचा साधा स्प्लिट एसी एका मिनिटाला ढोबळ मानाने ५०० घनफूट हवा फिरवतो. दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली धरली तर १२०० घनफूट झाले. म्हणजे खोलीतली सगळी हवा अडीच मिनिटांत एकदा कॉइलवरून जाऊन येते. हे फिरणं निम्म्यावर आलं की कॉइल कितीही गार असो, तो गारवा पलंगापर्यंत पोचत नाही.

आणि गॅस वापरून संपत नसतो. तो बंद नळ्यांत फिरत राहतो, स्वयंपाकाच्या सिलिंडरसारखा जळून जात नाही. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. ती शोधून बुजवल्याशिवाय वरून भरलेला गॅस त्याच वाटेने जाणार. "दरवर्षी थोडा गॅस टाकावाच लागतो" असं कुणी सांगत असेल, तर त्या माणसाला पुढच्या वर्षी बोलावू नका.

शहरात चुकीचं निदान झालं तर फार तर एक दिवस उकाडा सोसावा लागतो. इथे पुण्याहून माणूस यायचा म्हणजे दोन तास जायला आणि दोन तास परतायला. तो येण्याचेच पैसे आधी घेतो आणि एवढ्या लांब आलो म्हणून काहीतरी करून जातो. बहुतेक वेळा ते काहीतरी म्हणजे गॅसच असतो, कारण तो लगेच भरून होतो. त्यामुळे फोन करण्याआधी आपल्याकडे नेमकं काय बिघडलंय हे घरच्या माणसाला निदान अर्धं तरी कळायला हवं. ते कळण्यासाठी कुठलंही हत्यार लागत नाही.

कागदाची पट्टी

आधी रिमोट नीट बघा. फॅन ऑटोवर असेल आणि खोली गार झाली असेल, तर एसी स्वतःच वारा कमी करतो. स्लीप किंवा क्वाएट लावलं असेल तरी तेच. आणि ड्राय मोडमध्ये वारा मंद असतो, तो तसाच असायला हवा. तिथे हवा हळू नेऊन तिच्यातली ओल काढायची असते. आमच्या भागात जुलै-ऑगस्टमध्ये खोल्यांना बुरशीचा वास येतो म्हणून लोक ड्राय लावतात आणि ऑक्टोबरपर्यंत विसरून जातात. "वारं गेलं" म्हणून आलेल्या काही तक्रारी मी फोनवरच एक बटण दाबायला लावून मिटवल्या आहेत.

आता खरी परीक्षा. रिमोटवर फॅन मोड घ्या, कूल नाही. वेग सर्वांत जास्त, स्विंग बंद, फ्लॅप सरळ समोर. वर्तमानपत्राची बोटभर रुंद आणि वीतभर लांब पट्टी कापा आणि हवा येते त्या फटीच्या वरच्या काठाला चिकटपट्टीने लावा. एकदा मध्यावर, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. चांगल्या एसीसमोर ती जवळजवळ आडवी होऊन फडफडते. वारा मेला असेल तर ती लोंबत राहते, जेमतेम हलते. मग कूल मोड लावा, तासभर चालू द्या आणि पट्टी पुन्हा बघा.

यातून तीन गोष्टी निघतात. फॅन मोडमध्ये पहिल्या मिनिटापासून वारा मंद असेल, तर हवेची वाट तुंबली आहे किंवा पंखा हळू फिरतो आहे. गॅसचा इथे संबंधच नाही, कारण फॅन मोडमध्ये कॉम्प्रेसर बंदच असतो. सुरुवातीला वारा चांगला असून तास-दीड तासाने कमी होत गेला, तर कॉइलवर बर्फ धरतो आहे. आणि वारा शेवटपर्यंत चांगला, पण खोली गार होत नाही, असं असेल तर तक्रार वाऱ्याची नव्हतीच. तेव्हा आउटडोअर, कॉम्प्रेसर, गॅस यांच्याकडे बघायचं. बाहेरच्या पेटीवर पावसाळ्यात गुंडाळलेला प्लॅस्टिकचा कागद काढायचा राहून गेला असेल तर आधी तो काढा.

आणखी एक मोजमाप जमल्यास करा. भिंतीवर लावायचा साधा थर्मामीटर आधी एसीच्या वरच्या जाळीजवळ आणि मग हवा बाहेर येते तिथे, पाच-पाच मिनिटं धरा. कोरड्या दिवसांत धडधाकट एसीमध्ये हा फरक साधारण ८ ते १२ अंश असतो. वारा मंद आणि फरक त्याहून जास्त, तर हवा अडली आहे. वारा जोरात आणि फरक चार-पाच अंशच, तर मग गॅसचं किंवा आउटडोअरचं बघायला हरकत नाही. पावसाळ्यात हवेतली ओल काढण्यातच बरीच ताकद जात असल्याने फरक कमी दिसतो, त्यामुळे हे मोजमाप उन्हाळ्यातच घ्यावं.

फिल्टर, राब आणि चुलीचा धूर

मेन स्विच किंवा एमसीबी बंद करून पुढचं झाकण वर उचला. प्लॅस्टिकच्या बारीक जाळीचे दोन फिल्टर दिसतील. उजेडाकडे धरा, पलीकडचं दिसत नसेल तर वारा येणार कुठून? नळाखाली धरताना पाणी आतल्या बाजूने सोडा, म्हणजे धूळ ज्या बाजूने बसली त्याच बाजूने निघून जाते. गरम पाणी नको, ब्रशने खरवडणं नको, जाळी ताणते. सावलीत पूर्ण वाळवा आणि मगच बसवा. ओला फिल्टर बसवला तर धूळ त्यावर लिंपल्यासारखी बसते. फिल्टर काढून ठेवून एसी चालवणं हे तर सर्वांत वाईट; दोन दिवस वारा छान लागतो आणि मग तीच धूळ कॉइलमध्ये जाऊन बसते, जिथून ती नळाच्या पाण्याने निघत नाही.

किती दिवसांनी धुवावा? माहितीपुस्तिकेत दोन आठवडे किंवा महिना लिहिलेलं असतं. ती शहरातल्या फ्लॅटसाठी लिहिलेली असते. आपल्याकडे हे ऋतूवर ठरवा. मार्च ते मे या काळात शिवारात राब भाजतात. पालापाचोळा, गोवऱ्या, फांद्या पेटतात आणि त्याची राख वाऱ्याबरोबर उघड्या खिडकीतून घरात येते. त्या दिवसांत फिल्टर आठवड्याला बघा. भात झोडणीच्या दिवसांत बारीक भुस्कट उडतं, तेव्हाही तसंच. एसीच्या खोलीला लागून चूल असेल किंवा तळण होत असेल, तर नुसती धूळ नसते, तेलकट काजळी असते. तिला साबणाचं कोमट पाणी लागतं. ती काजळी फिल्टरच्या जाळीतून पुढेही जाते, म्हणून एसीच्या खोलीचं दार स्वयंपाकाच्या वेळी लावून घ्यायची सवय लावा.

काही एसींमध्ये मोठ्या जाळीच्या मागे काळ्या किंवा पांढऱ्या रंगाची लहान चौकोनी पट्टी असते. धूळ-परागकण किंवा वास अडवणारा तो जादा फिल्टर. तो बहुधा धुता येत नाही, ठरावीक मुदतीने बदलायचा असतो, आणि कुणीच बदलत नाही. तुंबला की निम्मी हवा तोच अडवतो. तो काढून ठेवून पट्टीची परीक्षा पुन्हा घ्या. वारा एकदम वाढला तर दोषी सापडला.

फिल्टर काढलेलाच आहे तर टॉर्च लावून मागची कॉइल बघा. ॲल्युमिनियमच्या अगदी पातळ फिन्स जवळजवळ उभ्या असतात, दोन फिन्समध्ये मिलिमीटर-दीड मिलिमीटरचीच फट. तिथे राखाडी नमद्यासारखा थर दिसत असेल तर मऊ ब्रशने वरून खाली, फिन्सच्या दिशेने हलकेच झाडा. आडवा ब्रश फिरवला की फिन्स दुमडतात आणि वाट कायमची बंद होते. एवढंच घरी करा. पाण्याची पिचकारी मारायची हौस नको, कारण बाजूलाच इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं.

ब्लोअर: जो कुणीच काढत नाही

पासलीच्या त्या घरी मी गेलो तेव्हा फिल्टर लखलखीत होता. ताई दर आठवड्याला धूत होत्या. कॉइलही ठीक होती. मी फ्लॅप हाताने उघडून आत टॉर्च मारली आणि त्यांना वाकून बघायला सांगितलं. ब्लोअरच्या प्रत्येक पात्यावर काळी, ओलसर लव होती, जुन्या भिंतीवर शेवाळ धरतं तशी.

ब्लोअर लाटण्यासारखा दिसतो असं वर म्हटलं, पण त्याचं सगळं काम त्याच्या पात्यांच्या बाकात आहे. लांबीभर बसवलेली ही अरुंद, वाकडी पाती म्हणजे हवा उचलणारी छोटी ओंजळच. त्या ओंजळीत धूळ आणि बुरशी भरली की ती उथळ होते. मोटर त्याच वेगाने फिरते, आवाजही साधारण तोच राहतो, पण प्रत्येक फेऱ्याला उचलली जाणारी हवा कमी होते. थर दोन-तीन मिलिमीटरचा असला तरी पुरतो, कारण पातंच मुळात सेंटिमीटरभर रुंद. थर सगळीकडे सारखा नसला तर ब्लोअरचा तोल जातो आणि फटफट, फडफड असा आवाज येतो. हवाही एकसारखी न येता हुंदके दिल्यासारखी येते. फिल्टर स्वच्छ, कॉइल स्वच्छ, मोटर चालू आणि तरी वारा नाही, असं असेल तर दहापैकी बहुतेक वेळा हेच कारण निघतं, असा माझा अनुभव आहे.

हे सह्याद्रीच्या कुशीत जास्त का होतं, तेही समजून घ्या. एसी बंद केला की कॉइल ओलीच राहते. कोरड्या हवेत ती तासा-दोन तासांत वाळते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर भिंतीच वाळत नाहीत, तिथे बंद पेटीतली कॉइल काय वाळणार? अंधार, ओल आणि धुळीचं खाद्य, बुरशीला आणखी काय हवं. त्यात अनेकांची इथली घरं सुट्टीपुरती उघडतात. महिना-महिना पेटी बंद. पहिल्यांदा सुरू केल्यावर कुबट वास आला तर तो वास ब्लोअरवरच्या बुरशीचा असतो, आणि तोच थर वाराही अडवतो. घरात दम्याचं माणूस किंवा लहान मूल असेल तर धुतल्याशिवाय तो एसी चालवू नका.

ब्लोअर धुणं हे घरचं काम नाही. बऱ्याच मॉडेलमध्ये त्यासाठी खालचा पाण्याचा ट्रे आणि कॉइलची एक बाजू सोडवावी लागते. म्हणूनच टेक्निशियन ते टाळतात आणि "जेट सर्व्हिस" म्हणून समोरून कॉइलवर पाण्याचा फवारा मारून जातात. कॉइल धुतली जाते, ब्लोअर तसाच राहतो. उलट कॉइलवरचा मळ कधीकधी त्याच्यावरच जाऊन बसतो. फोनवर ठरवतानाच विचारा: "ब्लोअर काढून धुणार का? आत कव्हर लावून, की नुसतं समोरून?" काम झाल्यावर टॉर्च लावून पाती स्वतः बघा आणि कागदाची पट्टी पुन्हा लावा. पट्टी आधीसारखीच लोंबत असेल तर पैसे देण्याची घाई करू नका.

त्या ताईंचा ब्लोअर काढून अंगणात बादलीत बुडवला तेव्हा पाणी चहासारखं झालं. गॅसला हातही लावला नाही. संध्याकाळी पट्टी आडवी फडफडत होती.

संध्याकाळी मंद, पहाटे जोरात

काही घरांतून वेगळीच तक्रार येते: रात्री आठला वारा नाही, पहाटे चारला मात्र अंगावर पांघरूण घ्यावं लागतं. असं असेल तर एसी उघडूच नका, आधी विजेचा दाब बघा. घरात २३० व्होल्ट यायला हवेत. वस्ती विखुरलेली, लाइन लांब, आणि संध्याकाळी सगळ्यांच्या मोटरी, गिरण्या, दिवे एकदम सुरू. लाइनच्या टोकाच्या घरात दाब पडतो. जुन्या, बिगर-इन्व्हर्टर एसीतल्या पंख्याच्या मोटरची ताकद दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० चे १८० व्होल्ट झाले तर वाटतं की पाचवा हिस्सा कमी झाला, पण मोटरची ओढ जवळपास ४० टक्क्यांनी घटते. वेग पडतो, मोटर तापते आणि बरेच दिवस असं चाललं तर जळते. इन्व्हर्टर एसीत बहुधा डीसी मोटर असते, तिच्या वाऱ्यावर एवढा परिणाम होत नाही.

स्टॅबिलायझरवर आकडे असतील तर येणारा दाब रात्री आठ आणि पहाटे पाच अशा दोन वेळा लिहून ठेवा, चार दिवस. हे आकडे घेऊन महावितरणकडे १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. "लाइट कमी येते" या तक्रारीपेक्षा तारीख-वेळेसह लिहिलेल्या आकड्यांना वजन असतं. दाब मीटरपाशी नीट आणि एसीपाशी कमी असेल, तर दोष घरातल्या वायरिंगचा. दीड टनाच्या एसीला बहुधा ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची स्वतंत्र वायर ओढतात. दिव्याच्या लाइनवरून फाटा काढून एसी चालवू नका, त्यातून आग लागू शकते.

दाब ठीक, ब्लोअर स्वच्छ, तरी तिन्ही वेगांत पंखा सारखाच आळसावलेला, किंवा सुरू होताना नुसता गुणगुणतो आणि मग हळूहळू वेग घेतो, तर कपॅसिटर गेला असण्याची शक्यता मोठी. सुपारीच्या डबीएवढा हा भाग स्वस्त असतो, मोटर त्याच्या कितीतरी पट महाग. म्हणून "मोटर बदला" असं ऐकलं की विचारा, कपॅसिटर मोजून पाहिला का? बंद एसीतही कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते, त्यामुळे त्याला स्वतः हात लावू नका. मोटरच्या विरुद्ध टोकाला ब्लोअर ज्या बुशमध्ये बसतो ते कोरडं पडलं तर चिरचिर आवाज येतो. ब्लोअरचा स्क्रू सैल झाला तर मोटर फिरते आणि ब्लोअर मागे राहतो. ही दोन्ही कामं अर्ध्या तासाची आहेत.

खिडकीतल्या एसीत एकच मोटर दोन्ही टोकांना दोन पंखे फिरवते. ती मंदावली तर वाराही जातो आणि गारवाही. तिथे या दोन तक्रारी वेगळ्या करणं अवघड, त्यामुळे मोटर आणि दाब आधी तपासा.

बर्फ

तासाभराने वारा कमी होत असेल तर झाकण उघडून कॉइल बघा. पांढरा थर दिसला की कूल मोड बंद, फॅन मोड चालू, खाली बादली, आणि दोन तास वाट बघा. चाकूने किंवा पेचकसने बर्फ खरवडू नका; कॉइलची नळी पातळ असते, एक छिद्र पडलं की सगळा गॅस गेला आणि मग खरंच भरावा लागेल.

बर्फ कुठे धरला आहे ते मात्र वितळण्याआधी नीट बघा आणि मोबाइलवर फोटो काढा. सबंध कॉइल सारखी पांढरी असेल तर हवा कमी पडते आहे: फिल्टर, ब्लोअर, पंख्याचा वेग. कॉइलच्या एकाच कोपऱ्यात, नळी आत शिरते तिथल्या दोन-चार आडव्या ओळींवरच बर्फ आणि बाकीची कॉइल कोरडी असेल, किंवा आउटडोअरला जोडलेल्या दोन पाइपांपैकी बारीक पाइपच्या नटावर बर्फ असेल, तर गॅस कमी असण्याचा संशय रास्त आहे. वारा मंदावण्यामागे गॅस असतो तो असा, बर्फाच्या वाटेने. तो फोटो टेक्निशियनला पाठवला तर तो योग्य सामान घेऊनच निघेल.

खरंच गळती निघाली तर आधी ती बंद करून, व्हॅक्यूम करून, वजनकाट्यावर तोलून गॅस भरायला सांगा. किती ग्रॅम ते आउटडोअरच्या पाटीवर छापलेलं असतं. सध्याच्या बहुतेक एसीत आर-३२ असतो, काहींत आर-२९० म्हणजे प्रोपेन. आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे आणि प्रोपेन तर सिलिंडरच्या गॅसचाच भाऊ. काम चालू असताना चूल, उदबत्ती, बिडी काहीही पेटतं नको, खिडक्या उघड्या हव्यात.

पावसाळ्यात बर्फाचं आणखी एक कारण असतं, आणि ते आपण स्वतः तयार करतो. जुलैत पासलीला बाहेरच गारवा असतो, तरी ओल जावी म्हणून एसी १८ वर लावतात आणि आवाज नको म्हणून वारा सर्वांत कमी ठेवतात. बाहेर गार, आत हवा कमी, कॉइल शून्याखाली जाते आणि हवेतली ओल तिच्यावर गोठते. एसी ओल काढण्यासाठी वापरणं मुळीच चूक नाही. विलिस कॅरिअरने १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या छापखान्यासाठी पहिलं यंत्र आखलं तेच मुळी दमट हवेने कागद फुगतो म्हणून. पण मग २५-२६ वर ठेवा आणि ड्राय मोड वापरा, किंवा कूल ठेवायचा तर वारा वाढवा. तारांकित एसींना सुरुवातीचं तापमान २४ अंश ठेवण्याचा नियम भारतात जानेवारी २०२० पासून आहे, आणि आपल्या हवेला तेवढा गारवा भरपूर होतो.

पहिल्या दिवसापासूनच वारा नव्हता तर

मग बसवण्यात चूक आहे. स्प्लिट एसी हवा वरून ओढतो. वरची जाळी आणि छत यांच्यात निदान वीतभर मोकळी जागा हवी. नेमकं माप पुस्तिकेत असतं. बुटक्या छताच्या खोल्यांत, माळ्याखाली किंवा पीओपी केल्यावर एसी छताला टेकवून लावतात आणि त्याचं नाकच बंद होतं. समोर कपाट किंवा जाड पडदा असेल तर बाहेर पडलेली गार हवा तिथेच आपटून पुन्हा वरून ओढली जाते. एसीला वाटतं खोली गार झाली. अशा वेळी दुरुस्ती म्हणजे एसी वीतभर खाली उतरवणं, एवढंच. वॉरंटीतल्या एसीत बसवणाऱ्याने ही चूक केली असेल तर ती त्याच्याकडून फुकट नीट करून घ्या. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, मराठीतही बोलता येतं.

इथली जुनी घरं आठवतात मला. कारवीच्या कुडाच्या भिंती, वर शेणमातीचा गिलावा, पुढे पडवी. त्या भिंतींतून घर श्वास घेत असे. आता वर पत्रा किंवा स्लॅब आहे आणि घर बंद आहे, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये एसी लागतो, त्यात काही गैर नाही. पण वेल्ह्याच्या रात्री मेमध्येही पुण्याहून सुसह्य असतात. संध्याकाळी खिडक्या उघडून घरातली दिवसभराची ऊब आधी बाहेर जाऊ द्या आणि मग एसी लावा. त्याच यंत्राकडून दुप्पट काम झाल्यासारखं वाटेल.

घर बंद करून जाणाऱ्यांना एवढंच सांगतो. कुलूप लावण्याआधी फॅन मोडवर तासभर एसी चालवा, कॉइल आणि ब्लोअर वाळू द्या. फिल्टर धुऊन, वाळवून बसवा. मग एमसीबी पाडा. बाहेर सोडलेल्या पाण्याच्या नळीच्या तोंडात कुंभारीण मातीचं घर करते आणि मग पाणी खोलीत टपकतं, म्हणून परत आल्यावर आधी ती नळी काडीने मोकळी करा. इनडोअरमध्ये पाल किंवा उंदीर शिरलेला नाही ना हे टॉर्च लावून बघा आणि मगच बटण दाबा. रोज वापर असेल तर रात्रीचा एसी बंद करताना दहा-पंधरा मिनिटं फॅन मोड ठेवा. ज्या एसींत ऑटो क्लीन आहे ते हे काम स्वतः करतात, ते मध्येच मेन स्विचवरून बंद करू नका.

ब्लोअर धुऊन घ्यायचा असेल तर मे महिन्याच्या आत धुऊन घ्या. जूनमध्ये घाटात पाऊस धरला की बाहेरचा माणूस वर यायला तयार होत नाही, आणि ओल तर थेट दसऱ्यापर्यंत मुक्कामाला असते.